टायमेक्स : मालक बदलले, नाव टिकले, पण हातांचे काय झाले?

आमच्या लहानपणी चाळीत मनगटी घड्याळ असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. बाकीच्यांना वेळ कळायची ती गिरणीच्या भोंग्यावरून. भोंगा झाला की आई भाकरीचा तवा उतरवायची आणि बाप डबा घेऊन जिना उतरायचा. पुढे घरातला कोणी मॅट्रिक पास झाला, कोणी रेल्वेत किंवा महापालिकेत लागला, कोणाचे लग्न ठरले, की घरात घड्याळ यायचे. बहुतेक वेळा ते एचएमटीचे असायचे. रोज सकाळी किल्ली द्यायची, कानाला लावून टिकटिक ऐकायची आणि मग हजेरीला निघायचे.

नव्वदच्या दशकात सेलवरची हलकी, प्लॅस्टिकच्या पट्ट्याची घड्याळे आली. त्यांतले एक नाव होते टायमेक्स. पाण्यात भिजले तरी चालते आणि खिशाला परवडते, म्हणून मुलामुलींच्या मनगटावर ते दिसू लागले. आजही ते दुकानात मिळते. ही कंपनी आपला जन्म १८५४ सालचा सांगते. म्हणजे हे नाव एकशेसत्तर वर्षांच्या पाठबळावर उभे आहे, असे गिऱ्हाईकाला वाटते.

पण वाचकहो, या एकशेसत्तर वर्षांत कंपनी अनेकदा विकली गेली, दोनदा बुडता बुडता वाचली आणि तिचे नावही अनेकदा बदलले. मालक अमेरिकन होते, मग नॉर्वेचे झाले, मग गुंतवणूकदार आले. दर बदलाची नोंद इतिहासात सापडते. किती डॉलरला सौदा झाला, कोण अध्यक्ष झाला, हे सगळे लिहिलेले आहे. ज्या हातांनी ती घड्याळे जुळवली, त्या हातांच्या वाट्याला प्रत्येक बदलात काय आले, हे मात्र शोधावे लागते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

पितळेचे गाव

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात नॉगटक नदीच्या खोऱ्यात वॉटरबरी नावाचे गाव आहे. एके काळी हे गाव पितळेसाठी प्रसिद्ध होते. बटणे, बिजागऱ्या, दिव्यांचे भाग असे पितळेचे सगळे काही तिथे तयार होई. बेनेडिक्ट अँड बर्नहॅम ही तिथली मोठी पितळ कंपनी. पितळ खपवायचे तर पितळेच्या वस्तू खपल्या पाहिजेत, असा साधा व्यापारी विचार करून या कंपनीने घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यापूर्वी अमेरिकेत गरिबांच्या घरातल्या घड्याळांची चक्रे लाकडाची असत. दमट हवेत लाकूड फुगे आणि घड्याळ बंद पडे. पत्र्यातून ठशाने कापलेली पितळी चक्रे स्वस्त पडत आणि टिकतही. १८५७ मध्ये या धंद्याची वेगळी कंपनी झाली, ती वॉटरबरी क्लॉक कंपनी.

इथेच टायमेक्सची खरी कल्पना जन्माला आली, असे आम्हाला वाटते. स्वित्झर्लंडचा कारागीर एकेक घड्याळ हाताने घडवी आणि ते श्रीमंतांच्या खिशात जाई. वॉटरबरीत यंत्राने एकसारखे हजारो भाग कापले जात आणि मजूर ते जोडत. कारागिराचे कसब यंत्रात गेले, त्यामुळे घड्याळ स्वस्त झाले. पण ज्याचे कसब यंत्रात गेले, त्या कामगाराच्या जागी दुसरा बसवणेही त्यामुळे सोपे झाले. ही दोन्ही टोके पुढे सतत भेटतील.

एका डॉलरचे घड्याळ

न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट इंगरसॉल आणि त्याचा भाऊ चार्ल्स टपालाने किरकोळ माल विकत. १८९२ च्या सुमारास त्यांनी वॉटरबरी क्लॉक कंपनीचे एक जाडजूड पण स्वस्त खिशातले घड्याळ पाहिले आणि ते आपल्या नावाने विकायला घेतले. १८९६ मध्ये त्यांनी 'यँकी' नावाचे घड्याळ आणले. किंमत फक्त एक डॉलर. त्या काळी अमेरिकेतल्या साध्या मजुराची दिवसभराची कमाई साधारण तेवढीच असे. एका दिवसाच्या घामात घड्याळ, ही गोष्ट तोवर कोणी ऐकलीही नव्हती. पुढच्या वीस-बावीस वर्षांत अशी सुमारे ४ कोटी घड्याळे खपली.

घड्याळ मजुराच्या खिशात आले, याचे महत्त्व कमी समजू नये. तोवर वेळ मालकाच्या हातात होती. भोंगा त्याचा आणि भिंतीवरचे घड्याळही त्याचेच. पाळी दहा मिनिटे जास्त चालवली, तरी कामगाराकडे पुरावा नसे. स्वतःच्या खिशातले घड्याळ म्हणजे त्या दहा मिनिटांचा साक्षीदार.

घड्याळावर नाव इंगरसॉलचे होते आणि घडवणारे हात वॉटरबरीचे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना खिशातून घड्याळ काढायला सवड नव्हती. तेव्हा कंपनीने बायकांसाठीच्या लहान घड्याळाला पट्ट्यासाठी कड्या लावल्या आणि ते मनगटावर आणले. अंधारात दिसावे म्हणून आकड्यांना चमकणारा रंग दिला. युद्ध संपले, मंदी आली आणि १९२१ मध्ये इंगरसॉल बंधूंचे दिवाळे निघाले. १९२२ मध्ये वॉटरबरी क्लॉक कंपनीने १५ लाख डॉलर देऊन त्यांचा धंदा आणि नाव विकत घेतले. घडवणाऱ्या कंपनीनेच विकणाऱ्याचे नाव घेतले. व्यापाराच्या पुस्तकात हा चतुर सौदा म्हणून नोंदला गेला.

ओठांना लावलेला ब्रश

त्याच वर्षांत वॉटरबरीच्या कारखान्यात एका खोलीत तरुण मुली बाकावर बसून तबकड्या रंगवत होत्या. बहुतेक कष्टकरी घरांतल्या, बऱ्याच जणी परदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या. वय सोळा, सतरा, अठरा. रंगात रेडियम होते. बारीक आकडे काढायचे तर ब्रशचे टोक सुईसारखे हवे. त्यासाठी ब्रश ओठांत धरून टोक काढायचे, रंगात बुडवायचे आणि आकडा रंगवायचा, असे त्यांना शिकवले होते. दिवसभरात शेकडो वेळा ब्रश ओठाला लागे. हा रंग निरुपद्रवी आहे असेच त्यांना सांगितलेले होते. काम स्वच्छ होते आणि मजुरी इतर कामांपेक्षा बरी, म्हणून मुली आपल्या बहिणींनाही घेऊन येत.

रेडियम शरीरात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि थेट हाडात साठवते. तिथे बसून ते हाड आतून जाळत राहते. मुलींचे दात पडू लागले, हिरड्या सडल्या, जबड्याचे हाड कुजले. १९२५ मध्ये वॉटरबरीतली एक मुलगी अवघ्या २१ व्या वर्षी गेली. तिच्यामागून आणखीही गेल्या. न्यू जर्सी आणि इलिनॉय राज्यांतल्या अशाच कारखान्यांत, दुसऱ्या कंपन्यांतही हेच घडत होते. न्यू जर्सीतल्या पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये त्यांना तडजोडीने भरपाई मिळाली. त्या खटल्याचा गाजावाजा जगभर झाला. कामामुळे होणाऱ्या आजाराची जबाबदारी मालकावर असते, हे मान्य होण्याच्या वाटेवर तो मोठा टप्पा ठरला. वॉटरबरीत मात्र कंपनीने काही जणींशी खासगीत तडजोडी केल्या, त्यामुळे तिथल्या मुलींची नावे फारशी कोणाला ठाऊक झाली नाहीत.

रेडियमचे निम्मे तेज कमी व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. त्या मुली केव्हाच गेल्या, पण त्यांच्या हाडांतले रेडियम आजही तसेच आहे. कंपनीने १८५४ साल जपून ठेवले आहे. आम्हाला वाटते, १९२५ सालही तितकेच जपायला हवे.

एक उंदीर आणि दोन परदेशी

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. लोकांना भाकरीची भ्रांत पडली, तिथे घड्याळ कोण घेणार? कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. १९३२ मध्ये तिची नव्याने जुळवाजुळव होऊन नाव इंगरसॉल-वॉटरबरी असे झाले. तिला वाचवले ते एका चित्रातल्या उंदराने. १९३३ मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीकडून परवाना घेऊन मिकी माऊसचे घड्याळ काढले गेले. मिकीचे दोन हात म्हणजे तास आणि मिनिटाचे काटे. मंदीच्या काळातही आईबापांनी पोरांसाठी ते घेतले. लाखोंनी खप झाला आणि कारखान्यात पुन्हा माणसे कामावर घेतली गेली.

दुसरे वळण नॉर्वेतून आले. १९४० मध्ये हिटलरच्या फौजांनी नॉर्वे व्यापला. जहाजांचे मालक थॉमस ओलसन आणि त्यांचे सहकारी योआकिम लेमकुल हे देश सोडून अमेरिकेत आले. १९४१ मध्ये त्यांनी या कंपनीचे बहुसंख्य शेअर विकत घेतले. लेमकुल अध्यक्ष झाले. तोफगोळा ठरावीक क्षणी फुटावा म्हणून त्याच्या टोकाला घड्याळासारखी यंत्रणा बसवतात. ती बनवण्याचे काम कंपनीने घेतले. त्यासाठी शेजारच्या मिडलबरी गावात ८८ दिवसांत नवा कारखाना उभा राहिला. १९४४ मध्ये कंपनीचे नाव झाले युनायटेड स्टेट्स टाइम कंपनी. परक्या देशातून परागंदा होऊन आलेल्या माणसांच्या कंपनीचे हे नाव!

माणिक नसलेले घड्याळ

ज्यांनी एचएमटी वापरले आहे, त्यांना तबकडीवरची '१७ ज्वेल्स' ही अक्षरे आठवत असतील. ज्वेल म्हणजे माणकाचा लहानसा खडा. घड्याळातल्या चक्रांच्या आसांची टोके सतत फिरतात. ती धातूवर घासली तर झिजतात, म्हणून त्यांच्या खाली कठीण खडा बसवतात. जितके खडे, तितके काम नाजूक आणि किंमत जास्त.

युद्ध संपल्यावर लेमकुल यांच्यापुढे प्रश्न होता की तोफगोळ्यांचे काम थांबले, आता यंत्रे आणि कामगार कशावर चालवायचे? युद्धकाळात कठीण मिश्रधातूंचा अनुभव आला होता. खड्यांच्या जागी त्या धातूचे आधार बसवून त्यांनी साधे, दणकट आणि स्वस्त मनगटी घड्याळ तयार केले. १९५० मध्ये ते 'टायमेक्स' या नावाने बाजारात पूर्णपणे उतरले.

सराफांनी आणि घड्याळाच्या दुकानदारांनी नाक मुरडले. महाग घड्याळावर त्यांना निम्मा नफा मिळे, टायमेक्स त्याहून कमी देत होती. मग कंपनीने औषधांची दुकाने, लोखंडी सामानाची दुकाने, सिगारेटचे ठेले असा रस्ता धरला. कामगार जिथे खिळे घ्यायला जातो, तिथेच त्याला घड्याळ दिसू लागले. जाहिरातीही तशाच होत्या. १९५६ पासून जॉन कॅमेरॉन स्वेझी हे बातमीदार टीव्हीवर घड्याळाचे हाल करून दाखवत. पाण्यात बुडव, उंचावरून फेक, घोड्याच्या पायाला बांध. एकदा थेट प्रक्षेपणात घड्याळ होडीच्या इंजिनाच्या पंख्याला बांधले होते. इंजिन थांबवून पाहतात, तर घड्याळच गायब! लोक हसले, पण नाव लक्षात राहिले. साठच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर तीन घड्याळांत एक टायमेक्सचे असे. १९६९ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

डंडीच्या बाया

टायमेक्सचा पसारा युरोपात गेला होता. १९४६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात तिचा कारखाना निघाला. डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचे शहर. बंगालचा ताग बोटीने तिथे जाई आणि त्याची पोती होत. त्या गिरण्यांत बायकाच जास्त राबत, आणि गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा टायमेक्सने त्याच घरांतल्या बायकांना कामावर घेतले. बारीक भाग चिमट्याने उचलून जागेवर बसवणे हे त्यांचे काम. सत्तरच्या दशकात तिथे सुमारे ७००० माणसे काम करत होती. आई, मुलगी, मावशी एकाच कारखान्यात, अशी कितीतरी घरे होती.

इकडे जपानमध्ये २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले होते. क्वार्ट्झच्या तुकड्याला सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला हजारो वेळा ठरलेल्या गतीने थरथरतो. त्या थरथरीवरून वेळ मोजली जाते. स्प्रिंग नको, किल्ली नको, आणि वेळही जास्त अचूक. सत्तरच्या दशकात सेलवरची घड्याळे झपाट्याने स्वस्त झाली आणि स्वस्त घड्याळाचा राजा असलेल्या टायमेक्सचाच पाया हलला. यांत्रिक घड्याळे जुळवणाऱ्या हातांची गरज उरली नाही.

डंडीत कामगार कपात सुरू झाली. १९८३ मध्ये कपातीविरुद्ध कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले. त्याच सुमारास घड्याळांचे उत्पादन तिथून गेले. त्याच बायकांनी सिंक्लेअर कंपनीसाठी घरगुती संगणकही जुळवले. घड्याळ जुळवणाऱ्या बोटांनी संगणकही तितक्याच सफाईने जोडला. ब्रिटनच्या कितीतरी पोरांचा पहिला संगणक या बायकांच्या हातून गेला आहे.

जानेवारी १९९३ मध्ये काम कमी आहे म्हणून सुमारे दीडशे जणांना तात्पुरते घरी बसवण्याची नोटीस निघाली. कामगारांचे म्हणणे होते की सगळ्यांनी पाळीपाळीने घरी बसू, ठरावीक माणसांवरच गदा नको. ते मान्य झाले नाही. २९ जानेवारीला संप सुरू झाला. फेब्रुवारीत ते कामावर परत यायला निघाले, तेव्हा पगारवाढ गोठवणे आणि सवलतींत कपात या अटी पुढे आल्या. त्यांनी त्या नाकारल्या. १७ फेब्रुवारीला सर्व ३४३ कामगारांना बडतर्फ केले गेले. यातही बायकाच जास्त. दुसऱ्या दिवसापासून नव्या माणसांना बसमध्ये बसवून फाटकातून आत नेले जाऊ लागले. बडतर्फ झालेल्या बायका थंडीत रोज फाटकावर उभ्या राहिल्या. ब्रिटनभरचे कामगार त्यांच्या पाठीशी आले. तरीही ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने कारखानाच कायमचा बंद केला. ४७ वर्षांचा संबंध संपला. गिरणगावातल्या आमच्या वाचकांना या फाटकाची कहाणी वेगळी समजावून सांगायला नको.

याच फेब्रुवारी महिन्यातली आणखी एक गोष्ट. १९९२ मध्ये टायमेक्सने 'इंडिग्लो' हे दिव्याचे घड्याळ काढले होते. बटण दाबले की सगळी तबकडी निळसर उजळते. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि जिन्यांत काळोख पसरला. तेव्हा एका माणसाने आपल्या मनगटावरच्या इंडिग्लोच्या उजेडात सोबतच्यांना वाट दाखवत खाली आणले. ही बातमी सगळीकडे छापून आली आणि घड्याळाचा खप वाढला. डंडीच्या बायकांना कामावरून काढून तेव्हा नऊच दिवस झाले होते. एकाच नावाच्या या दोन गोष्टी. पहिली कंपनीच्या कौतुकात सांगितली जाते. दुसरी डंडीचे लोक सांगतात.

आणखी एक ध्यानात घ्या. ज्या प्रकाशासाठी एके काळी वॉटरबरीच्या मुलींनी जीव गमावला, तो आता सेलच्या विजेवर, विषाशिवाय मिळत होता. विज्ञान पुढे गेले, हे खरेच. माणसाला वागवण्याची रीत तितक्या वेगाने पुढे गेली का, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्याकडचे टायमेक्स

भारतात टायमेक्सचे बस्तान बसले ते टायटनच्या हाताला धरून. टायटन ही टाटा उद्योगसमूह आणि तामिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये काढलेली कंपनी. १९९२ मध्ये टायटन आणि टायमेक्स यांची भागीदारी झाली. महाग आणि दिखाऊ घड्याळे टायटनची, स्वस्त व रोजच्या वापराची टायमेक्सची, अशी वाटणी होती. टायमेक्सचा कारखाना दिल्लीजवळ नोएडाला होता, पण माल टायटनच्या दुकानांतून जाई. म्हणूनच लहान शहरांतही ते नाव पोहोचले. १९९७-९८ च्या सुमारास ही भागीदारी मोडली. टायमेक्सला दुकानदारांचे जाळे नव्याने विणावे लागले, आणि टायटनने स्वस्त गिऱ्हाईकासाठी 'सोनाटा' पुढे केले. पुढे टायमेक्सचे उत्पादन हिमाचल प्रदेशातल्या बद्दी इथे गेले.

ज्या एचएमटीवर आमच्या वडिलांच्या पिढीची वेळ चालली, त्या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळे बनवायला घेतली होती. २०१६ मध्ये तो घड्याळांचा धंदा बंद झाला. तिथे मालक बदलला नाही, तरीही काळ बदलल्यावर हात रिकामे झालेच. एवढ्यावरून सरकारी की खासगी, देशी की परदेशी, एवढाच प्रश्न नाही हे कळते.

जगभरच्या टायमेक्सची मालकी सात-आठ दशके ओलसन घराण्याकडे राहिली. २०२० च्या सुमारास ती अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बाउपोस्ट ग्रुप या गुंतवणूक संस्थेकडे गेली. गुंतवणूक संस्था म्हणजे इतरांचा पैसा घेऊन कंपन्यांत लावणारी आणि योग्य वेळी विकून नफा काढणारी. पितळवाले, टपालाने माल विकणारे, जहाजवाले आणि आता पैशाचा व्यापार करणारे, असा हा प्रवास आहे.

वॉटरबरी गावाचे काय? २००१ मध्ये कंपनीने तिथे आपल्या इतिहासाचे संग्रहालय उघडले होते. २०१५ मध्ये तेही बंद झाले. जुन्या घड्याळांना मात्र नवा भाव आला आहे. १९६० च्या दशकातले 'मार्लिन' हे किल्लीचे घड्याळ कंपनीने २०१७ मध्ये पुन्हा काढले. किंमत १९९ डॉलर. जे मुळात कामगारासाठी स्वस्तात बनवले होते, ते आता आठवणींच्या किमतीला विकले जाते.

मग आपण काय घ्यायचे?

आम्ही टायमेक्स घेऊ नका असे सांगत नाही. घड्याळ चांगले आहे, आणि गरिबाच्या मनगटावर वेळ आणण्याचे मोठे काम या कंपनीने केले आहे. ते श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण या इतिहासातून आपल्या घरासाठी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्यातले अनेक जण आणि आता आपली मुलेमुली अशा कंपन्यांत काम करतात, ज्यांचे मालक दर काही वर्षांनी बदलतात. अशा वेळी नीट चौकशी करावी. फक्त शेअर विकले गेले असतील, तर कागदावर तुमची कंपनी तीच राहते आणि तुमची नोकरीही सलग चालू राहते. कारखानाच दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला असेल, तर जुनी सेवा धरून, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर काम मिळाले पाहिजे. नाहीतर पात्र कामगाराला नुकसानभरपाई मिळाली पाहिजे. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात केलेली होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. म्हणून नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे कागद लग्नाच्या दागिन्यांसारखे जपून ठेवा. नव्या मालकाने घाईघाईत पुढे केलेल्या राजीनाम्याच्या किंवा नव्या नेमणुकीच्या कागदावर युनियनला किंवा जाणकाराला विचारल्याशिवाय सही करू नका. कागद इंग्रजीत असेल, तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून तो आधी वाचून घ्या.

दुसरी गोष्ट हातातल्या कसबाची. डंडीच्या बायकांना घड्याळ येत होते म्हणून संगणक जुळवता आला. काम गेले तरी बोटांतले ज्ञान गेले नव्हते. मात्र ज्ञान असूनही एकेकटीला काढता आले असते. फाटकावर सगळ्या एकत्र उभ्या राहिल्या, म्हणूनच ३४३ हा आकडा आज आपल्यापर्यंत पोहोचला. वॉटरबरीच्या मुली एकेकट्या तडजोड करून घरी गेल्या, म्हणून त्यांची मोजदादही धड झाली नाही. कसब आणि एकी या दोन्ही गोष्टी लागतात.

घरात कपाटाच्या खणात एखादे जुने, बंद पडलेले घड्याळ असेलच. वडिलांचे असेल, आजोबांचे असेल. मुलांना जवळ बसवून ते त्यांच्या हातात द्या. तबकडीवरचे नाव वाचायला लावा. मग आजोबा ते बांधून कोणत्या पाळीला, कोणत्या खात्यात जात, किती वर्षे जात आणि शेवटच्या दिवशी फाटकातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काय होते, हेही सांगा. कंपनीचा इतिहास कंपनी छापते. आपल्या घराचा इतिहास आपल्यालाच सांगावा लागणार आहे.